बंधन नसलेली उद्दिष्टं, साक्रीच्या पवनचक्क्या आणि आपली रात्रीची लाईट

तापीकाठ (धागाकर्ता)

२०१५ मध्ये केंद्राने जाहीर केलं होतं: २०२२ पर्यंत देशात १७५ गिगावॅट अक्षय ऊर्जा (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). सौर १००, वारा ६०, जैवभार १०, लघुजल ५. २०२२ सरलं तेव्हा बेरीज भरली साधारण १२०. सौर ६३ च्या आसपास, वारा ४२ च्या आसपास. सौरच्या शंभरातले ४० गिगावॅट लोकांच्या छतांवर बसायचे होते, त्याचा पाव हिस्साही झाला नव्हता.

मग पुढे काय झालं? कोणाला दंड नाही, कोणाला जाब नाही. छताची मुदत २०२६ पर्यंत ढकलली. आणि १७५ चा हिशोब व्हायच्या आतच नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोच्या परिषदेत नवा आकडा आला, २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म (कोळसा-तेल-गॅस सोडून). राज्याचीही हीच तऱ्हा. २०१५ च्या धोरणात १४,४०० मेगावॅट, मग २०२० च्या धोरणात २०२५ पर्यंत १७ हजारांवर. जुन्याचं काय झालं ते नव्या धोरणात शोधून दाखवा.

आपल्या खान्देशात तर या सगळ्याचे नमुने उघड्यावर उभे आहेत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, तिथेच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प (२०१३ चा, त्या वेळी फार गाजला होता), आणि दुसऱ्या टोकाला भुसावळजवळचं दीपनगर, जिथे ६६० मेगावॅटचा नवा कोळशाचा संच उभा राहिला.

माझा साधा प्रश्न: जे उद्दिष्ट चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, त्याने जमिनीवर काही घडतं का? की जे घडायचं ते दुसऱ्याच कारणाने घडतं आणि उद्दिष्टवाले त्यावर आपली पाटी लावतात?

पक्षाचं राजकारण नको. आकडे आणा, अनुभव आणा.

---

गिरणेकाठचा

आमना गावमा बठ्ठं उद्दिष्ट पूरं व्हयनं भो. पाटी लागी गई. लाईट मात्र रातलेच येस.

---

अर्धा_इंजिनियर

तापीकाठभाऊ, ब्राह्मणवेलची एकही चक्की उद्दिष्टाने उभी राहिलेली नाही. मी त्या माळावर काही वर्षं कामाला होतो. तिथल्या बऱ्याच यंत्रांचे मालक माळावर फिरकलेही नाहीत. कोणी कापडवाला, कोणी औषधवाला, कोणी बिल्डर. त्यांना वाऱ्याशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना हवा होता ८० टक्के घसारा. यंत्र घेतलं की पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्के घसारा दाखवायचा आणि मूळ धंद्याच्या नफ्यावरचा कर वाचवायचा. चक्की ३० सप्टेंबरच्या आत चालू झाली तर पूर्ण घसारा, नंतर ३१ मार्चपर्यंत झाली तर त्या वर्षापुरता निम्मा. त्यामुळे सप्टेंबर आणि मार्च या दोन महिन्यांत माळावर क्रेन मिळायची नाही. इंजिनियर लोक जेवणाचे डबे घेऊन रात्रभर टॉवरखाली. कशासाठी, तर सीएच्या तारखेसाठी.

आता गंमत बघा. एप्रिल २०१२ ला ही सवलत काढली. २०११-१२ मध्ये देशात ३,१०० मेगावॅटच्या वर पवनऊर्जा बसली होती, पुढच्या वर्षी आकडा जवळजवळ निम्म्यावर. वारा तोच, माळ तोच. २०१४ ला सवलत परत आली, क्रेनही परत आल्या. २०१७ ला ८० चे ४० झाले आणि त्याच सुमारास ठरलेला दर जाऊन लिलाव आले, पुन्हा सामसूम. ६० चे ४२ का झाले याचं उत्तर या तीन तारखांत आहे. उद्दिष्ट कागदावर साठच होतं शेवटपर्यंत.

या सवलतीत एक खोट होती तीही सांगतो. ती यंत्र उभं करण्यावर होती, वीज किती काढली यावर नव्हती. म्हणून अशाही जागी चक्क्या लागल्या जिथे आषाढ-श्रावण सोडला तर पातं हलत नाही. ते लक्षात आल्यावर २००९ ला युनिटमागे ५० पैशांची वेगळी योजना काढावी लागली.

अवांतर: सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा आज सगळ्यात जुन्या, लहान यंत्रांनी अडवून ठेवल्या आहेत. सव्वा मेगावॅटची यंत्रं, जिथे आज तीनचं सहज बसेल. जुनी काढून नवी बसवायचं धोरण केंद्राने २०१६ ला काढलं, २०२३ ला सुधारून पुन्हा काढलं. मालकाला सक्ती नाही. त्याच्या दृष्टीने चक्की केव्हाच फिटली आहे, जे येतं ते सुटं येतं. तो कशाला हलेल?

---

ट्यूबवेल_रावेर

अर्धा_इंजिनियरदादा, पटलं. आता आमच्या बाजूची ऐका.

'मागेल त्याला सौर कृषीपंप' चांगली योजना आहे, माझ्या साडूने पारोळ्याकडे घेतला. दहा टक्के भरले, पाच एचपी बसला, विहिरीवर झकास चालतो. रात्रीचं जाणं सुटलं, बिबट्याची भीती गेली. पण योजनेतले पंप तीन, पाच आणि साडेसातचे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात ट्यूबवेलचं पाणी इतकं खाली गेलंय की साडेसात एचपी मोटर पाणी वर ढकलेपर्यंत ऊन उतरतं. इकडे दहा, पंधरा, वीसच्या मोटरी आहेत. म्हणजे जिथे वीज सगळ्यात जास्त जळते तिथेच योजना लागू पडत नाही. जिल्ह्याचा पंपांचा आकडा मात्र पूर्ण होईल, कारण आकडा नग मोजतो, एचपी मोजत नाही.

दुसरं. ऊर्जा बचत म्हणाल तर या पट्ट्यात सगळ्यात मोठी बचत ठिबकने केली. त्याला कुठलं सरकारी टार्गेट होतं? अनुदान होतं, खरं आहे, पण लोकांनी ते अनुदानासाठी नाही लावलं. आठ तास लाईट, त्यातले दोन तास डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडण्यात जाणार, उरलेल्या वेळात पाटाने केळीचं शेत भरतच नाही. ठिबकने भरतं. खतही त्यातूनच जातं, मजूर वाचतो. म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी नळ्या अंथरल्या.

पण पुढचं कोणी सांगत नाही. पाणी वाचलं म्हणून लोकांनी त्याच ट्यूबवेलवर आणखी दोन एकर केळी लावली. सगळ्यांनीच लावली. पाणी आणखी खाली गेलं, मोटर दहाची पंधरा झाली. एकरी हिशोब केला तर वीज वाचली. शिवाराचं बिल मांडलं तर वाढली. तेव्हा 'एकरी कार्यक्षमता इतके टक्के वाढवू' असलं उद्दिष्ट कोणी ठेवलं तर ते पूर्ण होईल, आणि पाणी संपेल.

---

मेहरूणकर

वाचतोय. ट्यूबवेलभाऊंचा शेवटचा परिच्छेद कोणीतरी मंत्रालयात चिकटवा.

---

दाळमिलवाला

मी जळगाव एमआयडीसीतला. मोठ्या उद्योगांना बचतीचं बंधन आहे, हे इथे फार जणांना माहीत नसतं. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्याखाली २०१२ पासून 'पॅट' योजना. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने आणि वीजकेंद्रं घेतली, प्रत्येकाला स्वतंत्र आकडा दिला. जास्त बचत केली तर प्रमाणपत्र मिळणार, ते विकता येतं. कमी पडलं तर दुसऱ्याकडून विकत घ्या, नाहीतर दंड. तीन वर्षांत ठरलं होतं साधारण ६.७ दशलक्ष टन तेलाइतकी बचत, झाली ८.६७. म्हणजे चुकलं तर खिशातून जाणार हे माहीत असलं की आकडे ओलांडतात.

माझी मिल त्या यादीत यायला फार लहान. मला जे आहे ते सगळं ऐच्छिक. ऐच्छिक म्हणून किती वर्षं परिपत्रकं येत होती, मी फाइलला लावत होतो. मग २०२० ला एचटी (उच्चदाबाच्या) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर आलं. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी आली ते प्रमाण) ढिला असेल तर तेवढे युनिट सरळ बिलात चढायला लागले. पंधरा दिवसांत तो सुधारणारं कपॅसिटरचं ऑटोमॅटिक पॅनेल बसवलं. शेजारच्या चटईवाल्यानेही बसवलं. परिपत्रकाने जे झालं नाही ते बिलाने केलं.

ऑडिटवाला आला होता, त्याने सॉर्टेक्सच्या (डाळ निवडणाऱ्या यंत्राच्या) हवेच्या लाइनवर साबणाचं पाणी लावून दाखवलं. सांध्यासांध्याला बुडबुडे. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालायचा तो गळती भरून काढायला! गळके सांधे बदलले, दोन जुन्या मोटरी काढून आयई-३ (कमी वीज खाणाऱ्या) घेतल्या. खर्च वर्षाच्या आत निघाला. हे मला दहा वर्षं आधी करता आलं असतं, कोणी अडवलं नव्हतं. फायदा होता तरी केलं नाही, कारण सीझनला वेळ नसतो आणि सीझन संपल्यावर आठवण नसते. तेव्हा 'बाजार आपोआप करेल' म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

---

परदेशी_धुळेकर

मी बरीच वर्षं युरोपात आहे, याच विषयाशी संबंधित काम. इथला दाखला देतो, कारण इथे दोन्ही प्रकार एकाच वेळी करून पाहिले गेले.

२००१ मध्ये युरोपीय संघाने अक्षय विजेचा वाटा २०१० पर्यंत २२ टक्क्यांच्या आसपास नेण्याचं ठरवलं. देशवार आकडे दिले, पण नुसते सूचक. थोडक्यात हुकलं. मग २००९ च्या नियमाने पवित्रा बदलला. २०२० पर्यंत एकूण ऊर्जेत २० टक्के अक्षय, आणि हे प्रत्येक देशावर बंधनकारक. जर्मनीला १८, डेन्मार्कला ३०, स्वीडनला ४९, माल्टाला १०. निकाल: २० च्या जागी २२.१ टक्के. फक्त फ्रान्स मागे राहिला, २३ ठरले होते, १९ च्या आसपास थांबला.

त्याच वेळी ऊर्जा कार्यक्षमतेचंही २०२० साठी २० टक्क्यांचं उद्दिष्ट होतं, ते मात्र बंधनकारक नव्हतं. २०१९ पर्यंत गाडी रुळावर नव्हती. २०२० ला पूर्ण झालं, कारण त्या वर्षी करोनाने कारखाने आणि विमानं बंद पाडली होती.

मग २०१४ ला पुन्हा कच खाल्ली. २०३० साठी अक्षय २७ टक्के, पण देशवार बंधन काढलं, बंधन फक्त संपूर्ण संघावर. कार्यक्षमता २७ टक्के, तेही सूचक. संघावर बंधन म्हणजे नेमकं कोणावर, हे तेव्हाही कोणाला सांगता येत नव्हतं. २०१८ ला आकडे वाढवून ३२ आणि ३२.५ केले. युक्रेनचं युद्ध झालं, रशियाचा गॅस आटला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ४२.५ आणि कार्यक्षमतेलाही संघपातळीवर बंधन आलं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. बंधन आणि देशवार वाटणी, दोन्ही असेल तर काम होतं.

---

अर्धा_इंजिनियर

परदेशीभाऊ, एक उलटा दाखलाही घ्या. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने २०१० मध्ये ठरवलं, २०१५ पर्यंत १५ टक्के अक्षय. निव्वळ ऐच्छिक, दंड वगैरे काही नाही. आकडा मागे टाकून कधीच पुढे गेले. तिथे वारा रग्गड आहे आणि केंद्राकडून युनिटमागे करसवलत मिळत होती. म्हणजे पुन्हा तेच, पैसा जुळला की बंधन असो नसो.

आणि बंधनकारक म्हणाल तर आपल्याकडेही आहे की. २००३ च्या वीज कायद्याच्या ८६ व्या कलमात राज्य वीज नियामक आयोगांना अधिकार दिला, वितरण कंपनीने अमुक टक्के वीज अक्षय घ्यायलाच हवी. कित्येक राज्यांत वर्षानुवर्षं कमी पडलं. आयोग काय करायचे? 'पुढच्या वर्षी भरून काढा'. २०१० ला अक्षय विजेच्या प्रमाणपत्रांचा बाजार काढला (कमी पडलेल्याने ती विकत घ्यायची), तिथेही पुढे खरेदीदार नाहीत म्हणून प्रमाणपत्रांचे ढीग पडून राहिले. बंधन होतं, वसूल करणारा नव्हता.

---

परदेशी_धुळेकर

ओक्लाहोमाचं मान्य, पण ती करसवलत हेही सरकारचंच काम आहे ना? आणि आपल्याकडचं चित्र आता बदललंय. २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त केला, ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने २०२४-२५ साठी २९.९१ टक्क्यांपासून २०२९-३० साठी ४३.३३ टक्क्यांपर्यंत, वापरातली किती वीज अक्षय हवी याचे वर्षवार आकडे दिले. दंड आता आयोगाच्या मर्जीवर नाही, कायद्यात आहे.

---

गिरणेकाठचा

दंड भरी कोन? महावितरण. महावितरण पैसा लयी कोठून? मना बिलमाईन.

---

वाइंडिंगवाला_चोपडा

एवढे मोठे लोक बोलतायत त्यात माझं दुकानदाराचं मत. मी मोटरी भरतो. कार्यक्षमतेची सगळी चर्चा माझ्या टेबलावर जळून येते.

शेतकऱ्याला पाच स्टारची मोटर घे म्हणून सांगणारे पुष्कळ. स्टार लेबल २००६ पासून आहे, पंपांनाही आहे. ती मोटर बरोबर व्होल्टेज मिळालं तर खरंच कमी वीज खाते. पण आमच्याकडे एका डीपीवर (रोहित्रावर) मंजूर भाराच्या दीडपट मोटरी, त्यात तारेवर आकडा टाकून वीज घेणारे वेगळे. संध्याकाळी लाईट आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम उचलतात. व्होल्टेज पार झोपतं. चांगली मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, वॉर्निश जळाल्याचा वास येतो आणि माणूस मोटर खांद्यावर टाकून माझ्याकडे. तो म्हणतो, 'दादा, जाड तार भरा, कमी व्होल्टेजला चालली पाहिजे.' मी भरतो. जळत नाही, पण वीज खाते. स्टार तिथेच गेले.

कपॅसिटरचंही तसंच. प्रत्येक मोटरला लावला तर अर्ध्या डीपी जळायच्या थांबतील. पण एकट्याने लावून एकट्याला फायदा नाही, फायदा सगळ्या डीपीला. त्यात आता साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, २०२४ ते २०२९. बिलच नाही त्याने दोन-तीन हजार कशाला घालवायचे? दाळमिलवाल्यांचं पॅनेल बिलाने बसवलं. आमच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ते औषधच सरकारने काढून घेतलंय. माफी नको म्हणत नाही, कापसाचे भाव बघता ती लागतेच. पण माफी पण द्यायची आणि बचतीचं उद्दिष्ट पण ठेवायचं, तर ते कोणाच्या जिवावर?

---

अर्धा_इंजिनियर

वाइंडिंगदादा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मोटर बदलायची असेल तर डीपी आधी बदलावा लागतो. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला पंप बदलण्याचा सरकारी प्रयोग झाला होता. पंप काढून नवा कार्यक्षम पंप फुकट द्यायचा, वाचलेल्या विजेतून खर्च काढायचा. कल्पना चांगली. व्होल्टेज कोण देणार, हा प्रश्न तिथेही होताच.

---

शिंदखेडेकर

एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. विखरण.

जमीन घेतली औष्णिक प्रकल्पासाठी. पुढे औष्णिक राहिला बाजूला, तिथे सौर करायचं ठरलं. शेजारच्या बांधाला एक भाव, आपल्याला दुसरा भाव, म्हणून आमच्या तालुक्यातल्या एका ऐंशी पार केलेल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं चकरा मारल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. काही दिवसांनी ते गेले. साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

तुमच्या गिगावॅटच्या तक्त्यात जमिनीच्या भावाचा रकाना कुठे आहे? कोळसा असो की सूर्य, वरून आकडा येतो आणि खाली सातबारा जातो. बंधनकारक करा म्हणता, करा. पण मग मोबदलाही तेवढाच बंधनकारक करा, मुदतीसकट.

---

सदस्या_ताई

शिंदखेडेकरदादा, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच सध्याच्या सौर कृषी वाहिनीबद्दल (उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची योजना) लिहिते. मी ग्रामपंचायतीत आहे, आमच्याकडे प्रस्ताव आला तेव्हा कागद वाचले.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये जमीन विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ. सातबारा मालकाच्याच नावावर. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. उपकेंद्राच्या जवळची जमीन लागते, त्यामुळे लांबच्या माळाची मागणी नाही. वीज त्या उपकेंद्राच्या शेतीच्या फीडरलाच (तिथून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला) जाते, म्हणजे दिवसा. कंपनीचा करार २५ वर्षांचा, युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास. वीज निघाली तर पैसे, नाही निघाली तर नाही.

'मिशन २०२५' म्हणून यातही उद्दिष्ट होतंच, २०२५ पर्यंत ३० टक्के फीडर सौरवर. पण मला फरक जाणवतो तो असा की इथे उद्दिष्टाला निविदा जोडलेली आहे आणि निविदेला तारीख. कंपनीवाला आमच्या मागे लागतो, आम्ही त्याच्या मागे लागत नाही. असं मी आधी कुठल्या सरकारी कामात पाहिलं नव्हतं.

अडचण आहे ती गायरानाची. सरकारी जमीन म्हणून गायरान दाखवतात. कागदावर पडीक, प्रत्यक्षात तिथे पावसाळ्यात चार महिने गावाची आणि ठेलारी (मेंढपाळ) लोकांची गुरं-मेंढरं असतात. ग्रामसभेत दोन बायका उठून म्हणाल्या, तारेचं कुंपण घालाल तर आम्ही बकऱ्या कुठे न्यायच्या? उत्तर कोणाकडेच नव्हतं. आम्ही अर्धं गायरान सोडून ठराव केला, उरलेल्यासाठी एका खाजगी जमीनवाल्याला तयार केलं. त्याला कोरडवाहूत हेक्टरी सव्वा लाख कधी सुटले नव्हते.

---

ट्यूबवेल_रावेर

ताई, फीडर दिवसा आला तर माझ्या पंधरा एचपीलाही दिवसा लाईट मिळेल. हे सौर पंपापेक्षा आमच्या पट्ट्याला जास्त लागू आहे. आमच्या उपकेंद्राचा नंबर कधी, हे कोण सांगेल?

---

धडगावची

तुमच्या सगळ्यांकडे निदान तार तरी आहे. आमच्या सातपुड्यात पाड्यांवर आधी सौर दिवे आले. आले तेव्हा उद्घाटन झालं, 'विद्युतीकरण पूर्ण' असं लिहूनही झालं. बॅटरी चार-पाच वर्षांनी उतरली. बदलायला कोणी आलं नाही, कारण पाडा यादीतून आधीच बाद झाला होता. पूर्ण झालेल्या गावाला कोण कशाला विचारेल? आता तिथले लोक बॅटरीच्या डब्यात धान्य ठेवतात.

उद्दिष्ट ठेवायचं तर बसवलेल्या दिव्यांचं नको, पाच वर्षांनी पेटणाऱ्या दिव्यांचं ठेवा. बंधनकारक असो वा नसो.

---

जुना_जाणता

असल्या धाग्यांतून काही होत नाही. सगळे चोर आहेत.

---

दाळमिलवाला

जुना_जाणता अण्णा, एलईडीचं तरी श्रेय द्या. २०१४ ला सरकारने घाऊक बल्ब घेतला तेव्हा ३१० रुपयांना एक. दोन वर्षांत तोच ३८ च्या आसपास. सक्ती कोणावर नव्हती, कोट्यवधींची एकगठ्ठा खरेदी काढली आणि भाव पाडला. आज आमच्याकडे साधा पिवळा बल्ब फक्त कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला विकला जातो. पंख्यांना २०२३ पासून स्टार सक्तीचा केलाय, साधा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणारा नवा पंखा) तीसच्या आसपास. आपल्याकडे मार्च ते जून पंखा बंदच होत नाही, हिशोब करून बघा.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

जुना_जाणता सोडून सगळ्यांचे आभार.

माझं मत थोडं सरकलं. मी बंधन आहे की नाही एवढंच धरून बसलो होतो. अर्धा_इंजिनियरचा घसारा, दाळमिलवाल्यांचं केव्हीएएच बिल, एलईडीची खरेदी, ताईंचा २५ वर्षांचा करार, या सगळ्यांत पैसा कधी आणि कोणाकडून येणार-जाणार हे ठरलेलं होतं. पॅटमध्येही तेच. उलट गिरणेकाठच्यांनी विचारलेला प्रश्न परदेशीभाऊंच्या बंधनाला अजून भारी पडतोय. दंड शेवटी ग्राहकाच्या बिलातच येणार असेल तर चुकवणाऱ्याला त्याची झळ काय?

आणि मोजायचं काय, हा मुद्दा मी धाग्यात घालायलाच हवा होता. ट्यूबवेलभाऊ, धडगावची ताई, दोघांनीही तेच सांगितलं. वरही तसंच चाललंय. जुलै २०२५ ला जाहीर झालं की देशाच्या स्थापित क्षमतेत निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झाला, २०३० चं निम्म्या वाट्याचं उद्दिष्ट (५०० गिगावॅटचं नव्हे) पाच वर्षं आधीच गाठलं. खोटं नाही. पण ती क्षमता आहे. प्रत्यक्ष युनिट मोजाल तर सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशाचीच. सूर्य सहाला मावळतो, दीपनगर रात्रभर चालतं, आणि त्याची राख वेल्हाळ्याच्या तळ्यात जातच राहते. उद्दिष्ट क्षमतेचं ठेवलं म्हणून क्षमता मिळाली. युनिटचं ठेवलं असतं तर आज साठवणुकीची, बॅटऱ्यांची चर्चा पाच वर्षं पुढे असती.

परदेशीभाऊ, यावर तुमचं काय?

---

परदेशी_धुळेकर

तो नवा खरेदीचा आकडा, २९.९१ ते ४३.३३, तो वापरलेल्या युनिटवरच आहे, क्षमतेवर नाही. म्हणून मी त्याला ५०० गिगावॅटपेक्षा जास्त वजन देतो. दंड ग्राहकाच्या माथी मारायचा की नाही हे मात्र राज्य आयोग दर ठरवताना ठरवतो, आणि त्या वेळी जनसुनावणी असते. हरकती लेखी घेतात. खान्देशातून तिथे किती जण जातात?

---

दाळमिलवाला

आमच्या असोसिएशनकडून जातात. शेतकऱ्यांकडून कोणी दिसत नाही.

---

ट्यूबवेल_रावेर

सुनावणी नंतर बघू. मला आधी उपकेंद्राचं सांगा. अर्ज कोणाकडे करायचा?

---

सदस्या_ताई

महावितरणच्या उपविभागात माहिती अधिकारात करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीनच गोष्टी विचारा: तुमचा शेतीचा फीडर कोणत्या उपकेंद्रावर आहे, त्या उपकेंद्राला सौर प्रकल्प मंजूर आहे का, आणि करारात काम पूर्ण करायची तारीख कोणती. 'कधी होणार' असं मोघम विचारू नका, 'प्रक्रिया सुरू आहे' असं उत्तर येतं. करारातली तारीख मागा. आणि डीपीवर रंगवलेला कोड अर्जात लिहा, नाहीतर फीडर ओळखता येत नाही म्हणून परत पाठवतात.

---

ट्यूबवेल_रावेर

कोडचा रंग उडालाय ताई.

---

वाइंडिंगवाला_चोपडा

वायरमनला विचारा, त्याच्या वहीत असतो.